मन्याचा दूधभात बंद झाला

हिमायतनगर म्हटले की आपल्या नांदेडकरांना तालुक्याचे गाव आठवते. ही गोष्ट मात्र हैदराबादच्या हिमायतनगरची. तिथे माझी मावशी राहते आणि तिच्या घरात मन्या नावाचा नऊ वर्षांचा, सात किलोंचा बोका. सकाळी दूधभात, दिवसभर वाटीत कोरडे खाद्य आणि उरलेला वेळ सोफ्यावर झोप. ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून सगळे कौतुक करायचे.

मग मन्या पाण्याच्या भांड्यापासून हलेना. रेतीचा ट्रे सारखा ओला. खाणे दुप्पट, तरी पाठीची हाडे हाताला लागू लागली. मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालायला लागला, तेव्हा मावशीने त्याला डॉक्टरांकडे नेले. मांजर घाबरले तरी रक्तातली साखर चढते, म्हणून डॉक्टरांनी लघवी तपासली आणि आधीच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामाइनची चाचणीही केली. निदान झाले मधुमेहाचे. मावशीला स्वतःला बारा वर्षांपासून साखर. म्हणाली, “अगं, माझेच दुखणे याला लागले की काय!”

लागले नव्हते, पण कारण ओळखीचेच होते : वजन, बसून राहणे आणि पिष्ट. मांजर मूळचे पक्के मांसाहारी. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारा रस नसतो आणि जेवणानंतरची साखर झटपट आवरण्याची यकृताची ताकदही तोकडी. उंदीर-चिमणीत पिष्ट नावापुरतेच. भात, पोळी आणि दुधातली साखर त्याला झेपावी कशी? कोरड्या खाद्याचे दाणे बांधायलाही तांदूळ, मका, बटाटा यांचे पीठ लागतेच. ‘धान्यविरहित’ लिहिले म्हणजे पिष्ट नाही, असे नव्हे.

पाकीट कसे वाचावे?

पाकिटावर पिष्टाचा आकडा बहुधा नसतो. तो आपण काढायचा. प्रथिने, स्निग्धांश, तंतू, राख आणि पाणी यांच्या टक्क्यांची बेरीज शंभरातून वजा करा. समजा, कोरड्या खाद्यात हे आकडे ३२, १०, ४, ८ आणि १० आहेत. बेरीज ६४, म्हणजे पिष्ट ३६. ओल्या खाद्यात १०, ५, अर्धा, २ आणि ८०, म्हणजे पिष्ट अडीच. पाणी वगळून उष्मांकांच्या हिशेबाने पाहिले, तर पहिल्यात सुमारे ३९ टक्के आणि दुसऱ्यात १० टक्के उष्मांक पिष्टाचे. मधुमेही मांजराला हा वाटा साधारण १२ टक्क्यांच्या आत असलेला बरा. दाट रश्श्याच्या पाकिटात पीठ असू शकते. त्यापेक्षा मऊ वाटलेल्या मांसाचे खाद्य चांगले.

मावशीची चूक

हे कळल्यावर मावशीने त्याच दिवशी सगळे खाद्य बदलले, इन्सुलिन मात्र पूर्वीइतकेच दिले. रात्री मन्या झोकांड्या खाऊ लागला. साखर एकदम उतरली होती. डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे हिरड्यांना मध चोळला आणि त्याला घेऊन रिक्षाने धाव घेतली. थोडक्यात निभावले. पिष्ट घटले की इन्सुलिनची गरजही घटते, म्हणून खाद्य बदलायचे ते डॉक्टरांना सांगून, हळूहळू आणि साखर मोजत.

घरचे द्यायचे तर? कांदा-लसूण मांजराला विषारी, तेव्हा आपल्या रश्श्यातला तुकडा नको. नुसते उकडलेले चिकनही पूर्ण अन्न नव्हे. त्यात कॅल्शियम कमी पडते आणि टॉरिन उकडलेल्या पाण्यात निघून जाते. टॉरिनवाचून डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आहार डॉक्टरांनीच ठरवावा. आणि नवे खाद्य नाकारले म्हणून मांजराला उपाशी ठेवू नका. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तरी यकृतात चरबी साठून जिवावर बेतते.

लवकर उपचार आणि योग्य आहार मिळाला, तर काही मांजरांचे इन्सुलिन सुटते. मन्याचे चार महिन्यांनी सुटले. डॉक्टर म्हणाले, “दूधभात सुरू केलात तर आजार परत येईल.” आता मावशी दोन वेळा मोजून वाटी भरते आणि मन्या जेवायला बसला की स्वतःच्या ताटातला भातही थोडा कमी करते. म्हणते, “त्याच्यासमोर आपण चोरून खायचे, बरे दिसते का ते?”