कार्यक्रमाला जाताय? आधी खुर्ची बघा!

मागच्या दिवाळीत आम्ही खारघरच्या गटातल्या चौदा जणी भावगीतांच्या कार्यक्रमाला गेलो. वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकून तिकिटं काढली होती. सात जणींना मधली रांग मिळाली, सात जणींना अगदी मागे, बाल्कनीखाली. परतीच्या लोकलमध्ये मधल्या गुणगुणत होत्या, मागच्या गप्प. "नुसता ठेका ऐकला गं, शब्द एक कळला नाही," असं म्हणाल्या. आमच्या थोरल्या काकूंना तर वाटलं, आपले कानच गेले. कान शाबूत होते, जागा चुकली होती.

असं का होतं? सभागृहात आवाज दोन वाटांनी येतो. एक सरळ, गायकाकडून किंवा स्पीकरमधून. दुसरा भिंतींवर, छतावर आपटून. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. आपटलेला आवाज लगोलग आला, तर दोन्ही एकच वाटतात आणि गाणं भरदार होतं. बराच उशिरा आला, तर शब्दावर शब्द चढतो; रिकाम्या घरात बोलल्यावर घुमतं ना, तसं. लांब बसलं की सरळ आवाज क्षीण होतो आणि घुमणाराच जास्त उरतो.

बाल्कनीखाली आणखी एक अडचण. छताकडून येणारा आवाज बाल्कनी अडवते, वर टांगलेले स्पीकरही दिसत नाहीत. तबल्या-ढोलकीचा जाड आवाज वळसा घेऊन पोचतो. पण स, श, च यांसारख्या अक्षरांचा बारीक आवाज आडोशाला अडतो. म्हणून ठेका कळला, शब्द हरवले.

मग बसायचं कुठे? माइकचा कार्यक्रम असेल तर मध्यभागी, जरा मागे. आवाज सांभाळणारा माणूस बहुधा तिथेच यंत्र मांडून बसतो आणि स्वतःच्या कानाने आवाज जुळवतो. बाल्कनीच्या पहिल्या रांगाही चांगल्या. पहिल्या रांगेत कलाकार जवळ दिसतो, पण कधी कधी स्पीकरचा आवाज डोक्यावरून जातो. कोपऱ्यात एकच स्पीकर कानाशी आदळतो. शेजारणीशी ओरडून बोलावं लागलं, तर तो आवाज कानाला घातक समजा आणि जागा बदला.

सभागृह केवढं आहे, तेही बघा. मुंबईतलं षण्मुखानंद १९६३ साली सुरू झालं. तिथे अडीच हजारांहून जास्त माणसं बसतात. तिथे खुर्चीखुर्चीत फरक पडणारच. पनवेलचं वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह किंवा वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह त्यामानाने लहान, तिथे अंतर कमी. तिकीट काढताना नकाशा मागा आणि विचारा, "ही रांग बाल्कनीखाली येते का?"

आता महत्त्वाचं. हेच आपल्या वार्षिक सभेला लागू आहे. पत्र्याच्या हॉलमध्ये मागच्या बायकांना ऐकू येत नाही आणि व्याजाच्या ठरावाला त्या नुसता हात वर करतात. आमच्याकडेही असं झालं. आता आम्ही खुर्च्या पुढे ओढतो, मागच्या भिंतीवर जाड गोधड्या टांगतो, म्हणजे आवाज कमी घुमतो. आणि ठराव वाचला की शेवटच्या रांगेतल्या बाईलाच विचारतो, "ताई, काय ठरलं, सांगा बरं?" तिने नीट सांगितलं, तरच हात वर.