सहाचा पाढा, आठ पाय

समृद्धी महामार्गाने नागपुरातून ७०१ किलोमीटर गाडी हाकली, तरी माणूस पोचतो तो भिवंडीजवळच्या आमण्याला. खारं पाणी त्याच्याही पुढे. अशा या बिनसमुद्राच्या गावात पोरींच्या दप्तरांना, गाडीच्या किल्ल्यांना आणि पाळण्याच्या दांडीला लोकरीचा ऑक्टोपस लटकू लागलाय. शिकवलं मोबाइलवरच्या व्हिडिओंनी, पण सामान इतवारीचंच. गांधीबागेपासून इतवारीपर्यंतच्या घाऊक बाजारात कापड, जर, लेस आणि दोरा यांची कमी नाही. काउंटरवरचे सवालही ठरलेले. “भाऊ, लेकराच्या तोंडात जाणार हे. रंग तर नाही ना सुटणार?” “नाही सुटणार जी ताई. पण मग लोकर नका घेऊ, कॉटन न्या.”

व्हिडिओ पाहून हात चालायला लागतो. पण सपाट चकतीचं गोल डोकं कसं होतं आणि सरळ साखळीचा पाय गोल गोल का वळतो, हे त्यात कोणी सांगत नाही. ‘इथे दोन घाला, तिथे एक सोडा’ एवढंच सांगतात. खरं तर या खेळण्याचा सगळा आकार एका साध्या हिशोबावर उभा आहे, आणि तो हिशोब म्हणजे सहाचा पाढा.

पहिली फेरी

बोटाभोवती दोरा गुंडाळून एक सैल कडी करायची. तिला हल्ली मॅजिक रिंग म्हणतात. त्या कडीत सहा मुके खांब घालायचे आणि मोकळं टोक ओढलं की मधलं भोक मिटतं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन टाके घातले की झाले १२. तिसरीत एक सोडून एक वाढवायचा, म्हणजे १८. मग २४, ३०, ३६. दर फेरीला बरोबर सहा टाके वाढत गेले, तर चकती टेबलावर सपाट बसते.

सहाच का? मुका खांब हा क्रोशातला बुटका टाका. त्याची उंची आणि रुंदी जवळपास सारखी असते. एक फेरी वाढली की वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते. त्रिज्या एकाने वाढली की परीघ दोन पायने (२π), म्हणजे ६.२८ने वाढतो, हे सातवी-आठवीच्या पुस्तकातलं सूत्र. पाव टाका काही घालता येत नाही, म्हणून सहा. ज्यांच्या घरी जुना क्रोशाचा गोल रुमाल असेल, त्यांनी त्याचा मध्यभाग मोजून पाहावा. तिथे उंच खांब असतील तर सुरुवात बहुधा १२ खांबांची निघते. खांब उंच झाला की त्रिज्या फेरीला जास्त वाढते, म्हणून टाकेही त्या प्रमाणात जास्त. रुमाल विणणाऱ्या आजीने पायचं नाव ऐकलं असेल-नसेल, तिच्या रुमालाची कड मात्र कधी उचलली गेली नाही.

एक बारकावा. वाढवायचे टाके दर फेरीत एकमेकांच्या डोक्यावर आले, तर गोलाऐवजी षट्कोन तयार होतो. म्हणून सरावलेला हात वाढीची जागा दर फेरीत थोडी सरकवतो. फेरी कुठे सुरू झाली हे विसरू नये म्हणून पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा किंवा सेफ्टी पिन अडकवतात.

चकतीची टोपी, टोपीचं डोकं

३६ टाक्यांवर पोचलात की वाढ थांबवा आणि त्याच ३६ वर फेऱ्या घालत राहा. आता पसरायला जागा नाही, म्हणून विणकाम खाली वळतं आणि कडेने भिंत उभी राहते. ऑक्टोपसच्या डोक्याचा वरचा अर्धा भाग असा होतो.

हेच काम इतवारीत फार आधीपासून चालत आलंय, फक्त त्याला खेळणं म्हणत नाहीत. इथे दाऊदी बोहरा समाजाची जुनी वस्ती आहे. बोहरा पुरुषांच्या डोक्यावरची पांढरी टोपी आणि तिच्यावरचा सोनेरी जरीचा पट्टा सगळ्यांनी पाहिलाय, पण ती टोपी क्रोशाची असते हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बारीक सुई, बारीक दोरा, घरच्या बायकांचे हात. वरची सपाट चकती मधून बाहेर वाढवत नेलेली, आणि डोक्याचं माप आलं की वाढ बंद करून सरळ उतरवलेली भिंत. रचना तीच. फरक एवढाच की टोपी तिथे थांबते, ऑक्टोपस पुढे जातो.

पुढे म्हणजे घट. दोन टाक्यांचा एक करत ३६चे ३०, ३०चे २४. घट करताना दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे धागे उचलले तर सांधा दिसत नाही. पूर्ण टाके उचलले तर तिथे गाठ पडल्यासारखा फुगवटा येतो आणि भरलेला फायबर बाहेर डोकावतो. २४ वर थांबायचं, कारण २४ला आठाने भाग जातो. प्रत्येक पायाच्या वाट्याला मानेवरचे तीन टाके. मध्यम जाडीची लोकर आणि अडीच मिलिमीटरची सुई असेल, तर डोकं छोट्या संत्र्याएवढं होतं.

भरायला काय? ज्या भागात घराघरातून पऱ्हाटीचा हिशोब चालतो, तिथे पहिलं उत्तर कापूस हेच येणार. पण कापूस धुतला की आत त्याच्या गाठी होतात आणि तो वाळायलाही वेळ घेतो. म्हणून खेळण्यात उशीत भरतात तो पॉलिस्टरचा फायबर भरतात. तो थोडा थोडा पिंजून, कडेपासून आत भरावा. एकदम कोंबला तर टाके ताणतात आणि जाळी दिसते. शेवटी ६, १२, १८, २४ अशी वेगळी चकती विणून खालून शिवली की डोकं बंद.

पाय का वळतात

आता मजा. मानेवरून ३० साखळ्या घाला आणि परत येताना प्रत्येक साखळीत एकाऐवजी दोन मुके खांब घाला. साखळी ३०ची, तिच्यावरची कड ६०ची. एवढी लांब कड एवढ्या आखूड कण्यावर मावणार कशी? ती कण्याभोवती फिरते. पाय आपोआप मळसूत्रासारखा वळतो. त्याला पीळ द्यावा लागत नाही. दोनाऐवजी तीन घातले तर पीळ आणखी घट्ट बसतो.

म्हणजे एकाच हिशोबाच्या तीन गती. बरोबर सहाने वाढवलं तर सपाट. त्याहून कमी, तर वाटी किंवा नळी. त्याहून जास्त, तर चुणी, झालर, पीळ. घागऱ्याच्या झालरीपासून ऑक्टोपसच्या पायापर्यंत सगळं या तिसऱ्या घरात बसतं.

या तिसऱ्या घराने गणितज्ञांना बराच काळ झुंजवलं. रेषेबाहेरच्या एका बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते, हे युक्लिडचं गृहीतक. ते जिथे लागू पडत नाही अशी भूमिती बोल्याय आणि लोबाचेव्हस्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली. तिला अपास्तीय भूमिती म्हणतात. कागदावर ती सिद्ध झाली, पण हातात धरता येईल असा पृष्ठभाग करणं अवघड होतं. कागदाचे तुकडे चिकटवून केलेले नमुने फाटत. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या मूळच्या लाटवियाच्या गणितज्ञ बाईंनी क्रोशाची सुई उचलली. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका जास्त, एवढाच नियम. हातात चुण्याचुण्यांचा टिकाऊ पृष्ठभाग आला. त्याला घडी घातली की घडीची रेघ म्हणजे सरळ रेषा. विद्यार्थी एका बिंदूतून अनेक समांतर रेषा बोटांनी तपासू लागले. या कामावरच्या त्यांच्या पुस्तकाला २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मॅथेमॅटिकल असोसिएशनचं ऑयलर पारितोषिक मिळालं.

वाढीचा वेग किती फरक पाडतो ते पाहा. सहाच्या पाढ्याने गेलात तर आठव्या फेरीत ४८ टाके. दर फेरीत दुप्पट केलेत तर आठव्या फेरीत ७६८. तेवढ्या टाक्यांना सपाट बसायला जागाच नसते, म्हणून कड उसळते, आणि समोर दिसतं ते हुबेहूब प्रवाळ. हे साम्य वरवरचं नाही. प्रवाळ, समुद्री शेवाळ, समुद्री गोगलगायींच्या झालरी यांनीही थोड्या जागेत जास्त पृष्ठभाग मिळवण्याचा हाच मार्ग धरलाय. पाण्यातून अन्न टिपायचं तर जितका पृष्ठभाग जास्त तितकं बरं.

हे ओळखून मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या ऑस्ट्रेलियात वाढलेल्या जुळ्या बहिणींनी २००५ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या घरी क्रोशाची प्रवाळभिंत विणायला घेतली. ग्रेट बॅरियर रीफ पांढरी पडत होती, ही त्यामागची तळमळ. नंतर गावोगावच्या बायका त्यात आपले तुकडे जोडत गेल्या. जर्मनीतल्या बाडेन-बाडेनला २०२२ मध्ये मांडलेल्या प्रवाळभिंतीत सुमारे चार हजार लोकांचे हात होते. प्रवाळ पाहायला ऑस्ट्रेलियालाच जावं लागतं असंही नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात ते आहेत, आणि मालवणच्या त्या टापूला १९८७ पासून सागरी अभयारण्याचा दर्जा आहे.

लेकराच्या हाती देण्याआधी

ऑक्टोपसचंच एवढं कौतुक का, याची एक वाट डेन्मार्कला जाते. तिथे २०१३ मध्ये स्वयंसेवकांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस विणून रुग्णालयांना द्यायला सुरुवात केली. बाळ काचेच्या पेटीत हाताला येईल ते ओढतं. नळ्यांऐवजी ऑक्टोपसचे पाय धरलेले बरे, आणि त्या पायांचा स्पर्श नाळेसारखा वाटत असावा, ही कल्पना. बाळ शांत होतं असा अनुभव अनेक आयांनी आणि परिचारिकांनी सांगितला, पण त्याला ठोस वैज्ञानिक आधार मिळालेला नाही. शिस्त मात्र घेण्यासारखी आहे. दोरा शंभर टक्के सुती, ६० अंशांच्या पाण्यात धुता येईल असा, आणि पाय ताणल्यावरही २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नाही, म्हणजे तो बाळाभोवती गुंडाळला जाणार नाही. घरच्या बाळासाठी विणतानाही हे तिन्ही नियम पाळावेत. रुग्णालयातल्या बाळासाठी द्यायचा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

डोळ्यांचंही तसंच. बाजारात मागून चकती दाबून बसवायचे प्लास्टिकचे डोळे मिळतात. ते छान दिसतात, पण टाके सैल असतील तर निघतात आणि थेट तोंडात जातात. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी डोळे काळ्या दोऱ्याने भरावेत. विकायचा विचार असेल तर कायदाही माहीत हवा. १ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्या कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. म्हणून हौसेचा धंदा होणार असेल, तर कारागिराचं ओळखपत्र काढून घेतलेलं बरं.

यंत्राला न जमलेलं

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ला सुरू झाली, आणि सूत काढण्याचं, कापड विणण्याचं काम यंत्राकडे जाऊ लागलं. इतवारीच्या आसपासच्या कोष्टी वस्त्यांनी हातमाग आणि गिरणीची ती झुंज पिढ्यान् पिढ्या पाहिली. पुढे दोन सुयांवरचं स्वेटरचं विणकामही यंत्राने उचललं. क्रोशा मात्र सुटला. त्यात प्रत्येक टाका पुरा होऊन मिटतो, पुढची सुई कुठे, कोणत्या बाजूने शिरणार हे दर वेळी बदलतं, आणि ते बोटांच्या ताणावर ठरतं. यंत्रावर निघतं ते क्रोशासारखं दिसणारं जाळीचं कापड. मॉलमधल्या बाहुलीवर खरा क्रोशा असेल, तर तो कुणाच्या तरी हातचाच.

म्हणून शेवटी हिशोब. वर सांगितलेल्या ऑक्टोपसच्या डोक्यात वाढीच्या फेऱ्यांचे १२६ टाके, ३६ च्या सहा फेऱ्या धरल्या तर २१६, घटीचे ५४, तळाच्या चकतीचे ६०. आठ पायांचे ४८० मुके खांब आणि २४० साखळ्या. बेरीज १,१७६. भरणं, शिवणं, डोळे काढणं वेगळं. सवयीच्या हातालाही यात अर्धा दिवस सहज जातो. रुखवतात मांडलेल्या तोरणाकडे आणि रुमालाकडे पाहून आपण ‘हौस आहे हो पोरीला’ म्हणत आलो, आणि हौसेला मजुरी कोण देतो? इतवारीत घासाघीस ही रीतच आहे, ती करावी. पण विणणारी बाई किंमत सांगेल तेव्हा आधी त्या किमतीला १,१७६ने भागून पाहावं आणि मग तोंड उघडावं.