पोटात जाणारा पाय!

बालमित्रांनो, ‘पाय’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? चप्पल, फुटबॉल, नाहीतर बसमध्ये आपल्या पायावर पडलेला दुसऱ्या कुणाचा तरी पाय! पण आज आपण ज्या पायाची ओळख करून घेणार आहोत, तो चालत नाही, पळत नाही आणि बुटातही जात नाही. तो थेट पोटात जातो! त्याचं नाव ‘पॉट पाय’.

आपल्या करंजीत कसं, बाहेर पारी आणि आत सारण असतं? तसाच हा प्रकार. फक्त करंजी गोड आणि मुठीत मावणारी, तर पॉट पाय तिखटमिठाचा आणि चांगला खोलगट भांडंभर. भांड्यात कोंबडीचे तुकडे, गाजर, मटार, बटाटा असं दाटसर सारण आणि त्यावर मैद्याच्या पारीचं झाकण. भट्टीत भाजलं की झाकण खुसखुशीत होतं. चमच्यानं ते फोडलं की आतून वाफ येते आणि सुगंध घरभर पसरतो.

पण या पदार्थाची खरी गंमत वेगळीच आहे. तो बहुतेक वेळा उरलेल्या अन्नातून होतो. काल शिजवलेल्या कोंबडीतून आज नवाकोरा, पाहुण्यांपुढे ठेवावा असा पदार्थ! आहे की नाही कमाल?

झाकण आलं कुठून?

पाय हा पदार्थ युरोपात फार जुना. शेकडो वर्षांपूर्वी इंग्लंडात मांस भाजायचं तर पीठ-पाण्याच्या जाडजूड आवरणात ते बंद करत. हे आवरण भांड्याचंच काम करी. इंग्लंडातून लोक अमेरिकेत राहायला गेले आणि त्यांच्याबरोबर पायही गेला. १७९६ साली अमेलिया सिमन्स या बाईंनी अमेरिकेत एक पाककृतींचं पुस्तक छापलं. अमेरिकन लेखिकेनं लिहून तिथेच छापलेलं ते पहिलं पाककृतींचं पुस्तक मानतात. त्यातही कोंबडीचा पाय आहे बरं का!

अमेरिकेत या पायाचा मोठा दिवस येतो नोव्हेंबरात. तिथे ‘थँक्सगिव्हिंग’ नावाचा सण असतो. वर्षभर जे मिळालं त्याबद्दल आभार मानण्याचा हा दिवस. १८६३ साली अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी तो देशभर पाळायची घोषणा केली आणि १९४१ साली कायद्यानं नोव्हेंबरचा चौथा गुरुवार त्यासाठी ठरला. त्या दिवशी घरोघरी टर्की नावाचा भला मोठा पक्षी अख्खा भाजतात. सहा-सात किलोचा पक्षी एका जेवणात संपणार कसा? गुरुवारी मेजवानी, शुक्रवारी डबेच्या डबे भरून उरलेली टर्की! मग तिचा होतो पॉट पाय.

या टर्कीचं आपल्याकडचं एक नातं सांगू? हा पक्षी मूळ अमेरिकेचा. १६१२ साली बादशहा जहांगीराच्या दरबारात तो पोचला तो आपल्या गोव्याहून! जहांगीराचा सरदार मुकर्रब खान यानं गोव्यातून नवलाच्या वस्तू आणल्या, त्यात टर्कीही होती. बादशहाला तिचं एवढं आश्चर्य वाटलं की त्यानं तिचं वर्णन आठवणींत लिहून ठेवलं आणि चित्रकार उस्ताद मन्सूरकडून चित्रही काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

उरलेलं म्हणजे शिळं का?

आता कुणीतरी नाक मुरडणार. “शी! कालचं शिळं खायचं?” थांबा, थांबा. फोडणीचा भात आणि पोळीचा कुस्करा मिटक्या मारत खाताना नाक कुठे असतं? पण तुमच्या प्रश्नात तथ्यही आहे. कारण कोंबडी, मासे, दूध, भात अशा पदार्थांत काळजी घेतली नाही तर उरलेलं अन्न खरोखरच आजारी पाडू शकतं. तेव्हा उरलेलं आणि बिघडलेलं यांतला फरक नीट समजून घेऊ या.

अन्न बिघडवणारे जंतू इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस हा त्यांचा आवडता टापू. उबदार हवा, ओलावा आणि खायला कोंबडी मिळाली की एका जंतूचे दोन व्हायला वीस मिनिटंसुद्धा पुरतात. जरा वही-पेन्सिल घ्या पाहू. एका जंतूपासून सुरुवात करा. वीस मिनिटांनी २, चाळीस मिनिटांनी ४, तासाभरात ८. दोन तासांत ६४. चार तासांत ४,०९६. आणि रात्रभर, म्हणजे सात तास भांडं ओट्यावरच राहिलं तर? २०,९७,१५२! वीस लाखांवर! गणिताच्या तासाला कंटाळणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर सोडवून पाहावं.

म्हणून नियम असा : शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर एकाच तासात! म्हणजे नागपूरच्या किंवा जळगावच्या उन्हाळ्यात तर घड्याळावर डोळा ठेवूनच राहायला हवं. फ्रिजमध्ये जंतू मरत नाहीत, पण बहुतेकांची वाढ अगदी मंदावते. अशी नीट ठेवलेली शिजलेली कोंबडी तीन-चार दिवसांत संपवावी.

“उकळलं की झालं!” हे खरं का?

खूप जणांना वाटतं, अन्न बाहेर राहिलं तर राहिलं, खळखळून उकळलं की सगळे जंतू मरतात. अर्धं खरं! जंतू मरतात, पण काही जातींचे जंतू आधीच अन्नात विष सोडून बसलेले असतात आणि त्यांतली काही विषं उकळूनही जात नाहीत. भातात वाढणारा एक जंतू तर यासाठी कुप्रसिद्धच आहे. रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला कितीही झकास फोडणी दिली तरी ते विष तसंच राहतं. उलट्या सुरू झाल्या की मग फोडणीचं कौतुक उरत नाही.

“वास तर चांगला येतोय!” असंही म्हणू नका. आजार आणणाऱ्या कितीतरी जंतूंमुळे अन्नाचा वास किंवा चव बदलतच नाही. म्हणून नाकापेक्षा घड्याळावर भरवसा ठेवा. शंका आली तर टाकून द्या.

गरम करणंही अर्धवट नको. अन्न आतपर्यंत ७४ अंशांना पोचलं पाहिजे. हे किती महत्त्वाचं आहे ते अमेरिकेत २००७ साली दिसलं. तिथे दुकानात गोठवलेले पॉट पाय मिळतात. ते घरी आणून लोक मायक्रोवेव्ह भट्टीत शिजवत. प्रत्येक भट्टीची ताकद वेगळी, आणि आपली भट्टी किती ताकदीची हे बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं. पाय वरून कढत, पण मधोमध पुरेसा तापलेला नाही! त्यांत साल्मोनेला नावाचे जंतू होते. ४१ राज्यांत मिळून चारशे जण आजारी पडले आणि बाजारातले पाय परत मागवावे लागले. पदार्थ तोच, पण ‘मध्यभाग गरम झाला का?’ हा एक प्रश्न विचारायचा राहिला.

चला, पाय करू या!

एवढं कळल्यावर आता स्वयंपाकघरात शिरायला हरकत नाही. मात्र गॅस, सुरी आणि भट्टी यांच्याजवळ आई, बाबा किंवा ताई-दादा हवेतच. चौघांना पुरेल एवढ्या पायासाठी हे साहित्य जमवा :

• शिजलेल्या कोंबडीचे हाडं काढलेले तुकडे – २ वाट्या
• गाजर १, बटाटा १, कांदा १, मटार अर्धी वाटी
• लोणी ३ मोठे चमचे, मैदा ३ मोठे चमचे
• दूध १ वाटी, कोंबडीचं पाणी किंवा साधं पाणी दीड वाटी
• मीठ, मिरपूड
• पारीसाठी : मैदा १ वाटी, घट्ट गार लोणी ५० ग्रॅम, चिमूटभर मीठ, ३ मोठे चमचे गार पाणी

आधी पारीचं पीठ. मैद्यात मीठ आणि गार लोण्याचे तुकडे घालून बोटांच्या टोकांनी चोळा. रव्यासारखं दिसू लागलं की गार पाणी शिंपडून गोळा करा. कणकेसारखं तिंबत बसू नका हं, नाहीतर पारी चिवट होईल. गोळा झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

तोवर सारण. गाजर आणि बटाटा बारीक चिरून मटारांबरोबर उकडून घ्या. पातेल्यात लोणी वितळवून चिरलेला कांदा मऊ होईपर्यंत परता. मग मैदा घालून दोन मिनिटं मंद आंचेवर परता. आता दूध आणि पाणी थोडं थोडं ओतत ढवळत राहा. मैदा आधी लोण्यात का परतला, विचारा बरं! कारण लोण्यामुळे पिठाचे कण एकमेकांपासून सुटे राहतात. कोरडा मैदा थेट गरम दुधात टाकलात तर गुठळ्याच गुठळ्या! तापलं की हे सुटे कण पाणी शोषून फुगतात आणि रस दाट होतो.

रस दाट झाला की भाज्या, कोंबडी, मीठ, मिरपूड घाला आणि चांगल्या उकळ्या येऊ द्या. कोंबडी फ्रिजमधून आलेली आहे, तेव्हा ही पायरी घाईत उरकू नका.

सारण खोलगट भांड्यात ओता. पारी लाटून वर झाकणासारखी बसवा, कडा दाबा आणि मधोमध सुरीनं दोन-तीन चिरा द्या. वाफेला बाहेर पडायला वाट नको का? २०० अंशांवर तापलेल्या भट्टीत पंचवीस ते तीस मिनिटं ठेवा. पारी सोनेरी झाली आणि चिरांतून रस बुडबुडताना दिसला की पाय तयार! हा सोनेरी रंग आणि खमंग वास येतो तो पिठातल्या प्रथिनांचा आणि साखरेचा उष्णतेनं मेळ जमल्यामुळे. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली ही क्रिया मांडली, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. पोळीवरचे खरपूस डाग हीसुद्धा तिचीच करामत!

घरात भट्टी नाही? हिरमुसू नका. पावाच्या चार कापांचे चौकोनी तुकडे करा, तव्यावर लोण्यात कुरकुरीत भाजा आणि उकळत्या सारणावर पसरून लगेच वाढा. हा झाला तव्यावरचा सोपा पाय. घरी मांसाहार चालत नसेल तर कोंबडीऐवजी पनीर, अळिंबी किंवा उकडलेला राजमा घाला. आणि उरलेली कोंबडी मसालेदार रश्श्यातली असेल तर दुधाऐवजी तो रस्साच वापरा. पाय अस्सल आपल्याकडचा होईल!

आई-बाबांसाठी दोन शब्द

उरलेलं अन्न मोठ्या पातेल्यात तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर मधला भाग कितीतरी वेळ कोमटच राहतो. अख्खी टर्कीसुद्धा अशी ठेवत नाहीत. जेवणं झाली की हाडांवरचं मांस काढून पसरट डब्यांत थोडं थोडं भरतात, हाडांचं सूप करतात. आपणही तसंच करावं. डब्यावर वार लिहिण्याचं काम मुलांना द्या, ती ते आवडीनं करतील. वीज गेली तर फ्रिजचं दार पुन:पुन्हा उघडू नका. बंद ठेवलं तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. आणि लागेल तेवढंच बाहेर काढून एकदाच गरम करा.

बालमित्रांनो, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानं २०२४ साली एक अहवाल काढला. त्यानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं निम्म्याहून जास्त हॉटेलांत किंवा दुकानांत नव्हे, तर घराघरांत! ज्या अन्नासाठी कुणी शेतात राबलं, कुणी गॅससमोर घाम गाळला, ते कचऱ्याच्या डब्यात.

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की एक काम करा. काय उरलंय ते पाहा, घड्याळात किती वाजलेत ते पाहा आणि झाकण लावून ते फ्रिजमध्ये ठेवा. उद्या त्याचं काय करायचं हे ठरवायला रात्रभर वेळ आहेच!