बंद वहीचा अभ्यास

उरणजवळच्या चिरनेर गावातल्या कुठल्याही पोराला तिथल्या जंगल सत्याग्रहाची तारीख विचारा. २५ सप्टेंबर १९३०. अक्कादेवीचा डोंगर, गोळीबार, आठ हुतात्मे, त्यांतला नाग्या कातकरी. हे त्यानं रात्र जागून पाठ केलेलं नसतं. दर सप्टेंबरात हुतात्म्यांना मानवंदना होते, घरात विषय निघतो, कुणी विचारतं, कुणी सांगतं. तेच पोर पनवेलला सेमिस्टरच्या पेपराला बसलं की आठवडाभरापूर्वी तीनदा वाचलेली व्याख्या आठवत नाही. डोकं तेच, पण सत्याग्रहाबद्दल त्याला वर्षानुवर्षं कुणी ना कुणी विचारत आलं, व्याख्या त्यानं नुसतीच वाचली.

२००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासून पाहिलं. विद्यार्थ्यांनी काही उतारे दोनदा वाचले. काही उतारे एकदाच वाचले आणि मग आठवेल तेवढं कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचलेलं जास्त आठवलं. आठवड्यानंतर पारडं फिरलं: दोनदा वाचलेल्यातलं सुमारे ४२ टक्के उरलं, लिहून काढलेल्यातलं ५६ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्रीचं वाचन आपल्याला का फसवतं, ते यात दिसतं. पान ओळखीचं वाटतं आणि आपण समजतो, झालं पाठ. पण पेपरात ओळख दाखवून भागत नाही, कोऱ्या कागदावर स्वतःहून काढून द्यावं लागतं. हायलायटरनं पिवळं केलेलं पुस्तक दिसायला छान, बाकी त्याचा उपयोग फारसा नाही.

चिरनेरहून पनवेलला किंवा उरणला कॉलेज गाठायचं म्हणजे एसटी नाहीतर शेअर रिक्षा. हा वेळ वाया जातो अशी पोरांची तक्रार असते. मला तर तो अभ्यासाचा सगळ्यात चांगला वेळ वाटतो, कारण गर्दीत वही उघडताच येत नाही. काल वर्गात काय झालं? मागणीचा नियम कुठे लागू पडत नाही? मनातल्या मनात सांगून बघायचं. जिथे अडलं तो मुद्दा उतरल्यावर वहीत बघायचा. अडखळून मग सापडलेलं उत्तर जास्त टिकतं. सोबत मैत्रीण असेल तर एकीनं विचारावं, दुसरीनं सांगावं. रिक्षावाले काकाही दोन महिन्यांत अर्थशास्त्र शिकतील.

दुसरी गोष्ट दोन उजळण्यांमधल्या अंतराची. माणूस शिकलेलं किती झपाट्यानं विसरतो हे एबिंगहाऊस या जर्मन संशोधकानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून मांडलं. म्हणून एकच धडा एका दिवशी पाच तास घोकण्यापेक्षा आज, परवा, मग आठवड्यानं असा थोडा थोडा आठवून पाहावा. आपल्याकडे मात्र ‘गणपती झाले की बघू’, मग ‘नवरात्र होऊ दे’, आणि हिवाळी परीक्षा दारात. सण सोडा असं कुणी म्हणत नाही. आरतीआधीची वीस मिनिटंही पुरतात.

जुन्या प्रश्नपत्रिकांची झेरॉक्स सगळ्यांकडे असते, पण सोडवतात किती जण? बहुतेक जण त्यातून ‘आयएमपी’ शोधतात. दोन तासांचा, ६० गुणांचा पेपर असेल तर एका गुणाला दोन मिनिटं, म्हणजे १५ गुणांच्या प्रश्नाला अर्धा तास. घड्याळ लावून असं एक उत्तर हातानं लिहून बघा. मोबाईलवर टाईप करणारी बोटं तिसऱ्या पानाला दुखायला लागतात. ते परीक्षेच्या हॉलमध्ये कळण्यापेक्षा घरी ओटीवर बसून कळलेलं बरं.