चर्चमधला अभंग

थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंपुढे आपली अडचण मांडतो. तुम्ही प्रार्थना शिकवता, धर्मतत्त्वे शिकवता, ते चांगलेच आहे. पण आमची जुनी पुराणे बंद झाली, त्यांच्या जागी आम्ही वाचायचे-ऐकायचे काय? गोव्याच्या साष्टीतला हा माणूस सिद्धान्ताबद्दल शंका काढत नाही. त्याला कथा हवी आहे, आणि ती त्याच्या कानांना ओळखीच्या अशा ओवीत हवी आहे. मराठी ख्रिस्ती उपासनेचा पुढचा चारशे वर्षांचा इतिहास मला या एका मागणीतून उलगडताना दिसतो. या उपासनेत जे जे टिकले, ते वरून आलेल्या आज्ञेने टिकलेले नाही. बाकांवर आणि सतरंजीवर बसलेल्या माणसांनी ते मागून घेतले.

स्टीफन्स हा जेझुइट पाद्री, मूळचा इंग्लंडमधल्या विल्टशरचा. 1579 साली तो गोव्यात उतरला आणि उरलेले आयुष्य त्याने बहुतेक साष्टीतच काढले. तिथली देवळे त्याआधीच पाडली गेली होती. 1583 मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले, तेव्हाचा संतापही त्याने जवळून पाहिला. हे बाजूला ठेवून ‘ख्रिस्तपुराणा’चे कौतुक करता येत नाही. ज्यांचे पुराण हिरावले गेले, त्यांच्यासाठी ते लिहिलेले आहे. तरीही त्या अकरा हजारांच्या आसपास भरणाऱ्या ओव्या वाचताना जाणवते की हा परका माणूस संतकवींच्या शाळेत मन लावून बसला होता. 1616 साली राशोलला ग्रंथ छापला गेला, तो रोमन लिपीत. रविवारी आणि सणांच्या दिवशी मिस्सा हा उपासनाविधी झाल्यावर तो चर्चमध्ये वाचला जाऊ लागला. मिस्सा लॅटिनमध्ये, पुराण मराठीत.

1649 आणि 1654 मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. मग वारे फिरले. 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ वाचला तो हाताने उतरवून घेणाऱ्या घरांमुळे. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पोथ्या सोबत नेल्या, आणि 1907 साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणांनी तो पुन्हा छापला. देवनागरीत तो सर्वसामान्य वाचकांपुढे यायला 1956 साल उजाडले. ते काम शांताराम बंडेलू यांचे. उत्तर कोकणात, वसई आणि मुंबईजवळच्या साष्टीच्या पट्ट्यात, फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश याचे 1659 मधले पुराण असेच लोकांनी जपले. ते ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे पुराण आहे. उपवासकाळात ते गायचे-ऐकायचे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण हे गाणे गेले नाही.

नगरची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत आले आणि 1831 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पोचले. प्रॉटेस्टंट उपासनेत सगळ्या मंडळीने मिळून गाण्याला मोठे स्थान. म्हणून हेन्री बॅलंटाइनसारख्या मिशनऱ्यांनी मेहनतीने इंग्रजी गीतांची मराठी रूपे केली आणि मूळ चाली तशाच ठेवल्या. इथेच गाडे अडले. इंग्रजी चाल शब्दातल्या आघातावर उभी असते: एक अक्षर दाबून, पुढचे सैल. मराठीला तसा आघात नाही. तिचे वजन ऱ्हस्व-दीर्घात आणि अक्षरसंख्येत असते. त्या चालीत मराठी शब्द बसवले की ठोका नेमका ऱ्हस्व अक्षरावर पडतो, दीर्घ अक्षर घाईत गिळले जाते, आणि गाणाऱ्याला आपण काय म्हणतो आहोत हेच कळेनासे होते. अभंगाचे तसे नाही. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा मोठा अभंग किंवा आठ-आठ अक्षरांचा छोटा, जात्यावर बसलेल्या बाईलाही तो न शिकवता येतो. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतून आलेल्या माणसांच्या कानांत दुसरे काही नव्हतेच.

1860च्या दशकात या मंडळ्यांतून ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कवींनी त्यासाठी पदे रचली. साचा नारदीय कीर्तनाचाच: आधी नमन, मग पूर्वरंगात एखाद्या वचनाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान. आख्यानाला उधळ्या पुत्र असे, चांगला शोमरोनी असे, भावांनी विकलेला योसेफ असे. टाळ, मृदंग, पुढे पेटी. ही पेटीही पाहण्यासारखी आहे. भात्याचे हे वाद्य युरोपातून आले, मांडी घालून हाताने भाता मारण्याजोगे रूप त्याला कोलकात्यात मिळाले, आणि आज वारकरी कीर्तन असो की ख्रिस्ती भजन, तिच्यावाचून दोन्हींचे पान हलत नाही.

हे ऐकायला बसत कोण? नगर भागातल्या मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतले होते. पिढ्यान् पिढ्या त्यांनी गावच्या लग्नात, जत्रेत वाजवले, आणि देवळातले कीर्तन मात्र बाहेर उभे राहून ऐकले. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या देवळाबाहेर आहे, हे सांगायला नको. तीच माणसे आता कीर्तनकाराच्या पुढ्यात बसली, आणि पुढे त्यांच्यातलेच कीर्तनकार झाले. धर्मांतराची चर्चा करताना आपण अन्न, शाळा, दवाखाना यांची यादी करतो. आपल्या घामाच्या वाद्याला आणि आपल्या गळ्याला देवापुढे जागा मिळणे, ही त्या यादीत कधी नसते. ती पहिल्या ओळीत हवी, असे माझे ठाम मत आहे.

या जमिनीवर नारायण वामन टिळक आले. 1861 मध्ये कोकणात जन्म, घराणे चित्पावन, स्वभाव अस्वस्थ. 1893 च्या सुमारास आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो त्यांनी मुद्दाम एका भारतीय पाळकाच्या, तुकाराम नथोजींच्या हातून घेतला. घर उद्ध्वस्त झाले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, मग परतल्या, आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही कथा लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे मराठी वाचकाला पाठ आहे. त्यामानाने टिळकांच्या उपासनेतल्या कामाची जाण फार कमी.

आपण ख्रिस्ताच्या पायाशी पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे टिळक सांगत. त्यांचे अभंग वाचले की ते खरे वाटते. त्यांत ख्रिस्त गुरू आहे, सखा आहे, माउली आहे. पापाची कबुली तुकोबांच्या आत्मपरीक्षणासारखी रोखठोक येते, आणि शरण जाणे लेकराच्या आईकडे धावण्यासारखे येते. ही गीते अनुवादाचा आधार घेत नाहीत. शब्द, वजन, भाव आणि चाल एकाच मुळातून फुटलेली आहेत. म्हणून ती अक्षरओळख नसलेल्या बाईनेही उचलली आणि सेमिनरीतल्या विद्यार्थ्यानेही. 1912 पासून मिशनच्या ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग त्यांच्याकडे आला. 1842 मध्ये निघालेले हे पत्र तोवर सत्तर वर्षांचे झाले होते. आयुष्याच्या शेवटी, 1917 मध्ये, मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, अशी त्यांची कल्पना होती. 9 मे 1919 रोजी ते गेले आणि दरबार वाढण्याआधीच थांबला.

मागे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. टिळकांनी सुरुवातीचे थोडे अध्याय लिहिले होते. बाकीचे बहुतांश लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या बाईला शाळा माहीत नव्हती, लग्नानंतर जी अक्षर गिरवायला शिकली, तिने नवऱ्याचे महाकाव्य ओवी-ओवीने तडीस नेले. मराठी साहित्यात याला तोड शोधावी लागेल.

टिळकांची गीते पुढे ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून मंडळ्या-मंडळ्यांत पोचली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली आणि अनेक पंथ एका छत्राखाली आले. त्यांतल्या मराठी मंडळ्या त्याआधीच एका आवाजात टिळक गात होत्या. कॅथलिकांकडे दार उशिरा उघडले. 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट दिली, त्यानंतर मिस्सा मराठीत आली आणि वसईच्या वेदीजवळ तबला-पेटी वाजू लागली. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिले. स्टीफन्सपाशी तुटलेला धागा इथे पुन्हा जोडला गेला, असे मी मानतो.

आज शहरातल्या मंडळ्यांत गिटार, कीबोर्ड आणि पडद्यावर उमटणारी हिंदी-इंग्रजी गीते आली आहेत. तरुण पोरे त्यात जीव ओतून गातात, त्यांच्या भक्तीबद्दल मला शंका नाही. पण ख्रिस्ती कीर्तन करणारे बुवा आता मोजके उरले आहेत, आणि त्यांच्याकडून शिकणारे त्याहून कमी. पुस्तकात शब्द टिकतात. चाल गाणाऱ्याबरोबर जाते. मराठी अभ्यासकांनीही हयगय केली आहे. पाठ्यपुस्तकांनी टिळकांना फुलामुलांचे कवी ठरवले, जखमी पक्षिणीवरची कविता शिकवली आणि त्यांचे अभंग चर्चच्या दारात ठेवून दिले. भक्तिकाव्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ते आत घ्यायला हवेत.

तुमच्या गावात किंवा जवळच्या मंडळीत ‘उपासना संगीत’ जुन्या चालींवर म्हणणारी आजी असेल, आख्यान पाठ असलेले बुवा असतील, उपवासकाळात पुराण म्हणणारे कुणी वसईकर ओळखीचे असतील, तर या नाताळाच्या आत त्यांच्याकडे जा. त्यांना गायला सांगा, फोनवर सगळे नोंदवून घ्या, गाणाऱ्याचे नाव, गाव, चाल कुणाकडून आली हे लिहून ठेवा, आणि त्याची एक प्रत त्यांच्याच मंडळीत ठेवायला द्या.