कूर्चा पुन्हा उगवते का?

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे घरात कोणताही छापील कागद आला की तो माझ्याकडे येतो. गेल्या दिवाळीत आईने असाच एक कागद पुढे केला. 'इंजेक्शनने गुडघ्याची गादी पुन्हा तयार होते', असे त्यावर छापले होते. तीस वर्षे भातलावणी करून आईचे गुडघे कामातून गेले आहेत. या इंजेक्शनांसाठी वडील म्हैस विकायला निघाले होते. "बघ रे, खरं हाय का," आई म्हणाली. मी पडलो कला शाखेचा विद्यार्थी. तरी जे वाचून समजले ते मांडतो.

सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत थर असतो. तीच कूर्चा. हाडाला रक्तपुरवठा असतो, म्हणून मोडलेले हाड सांधते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. ती एकदा नष्ट झाली की भरून येत नाही, असे विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच लंडनमध्ये सांगितले होते.

मग नवे काय घडले? १९९४ मध्ये स्वीडनमधील ब्रिटबर्ग, पीटरसन आदी डॉक्टरांनी २३ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. रुग्णाच्याच गुडघ्यातील निरोगी कूर्चेचा छोटा तुकडा घ्यायचा, त्यातील पेशी प्रयोगशाळेत दोन-तीन आठवडे वाढवायच्या आणि शस्त्रक्रिया करून खड्ड्यात सोडायच्या. वरून हाडाच्या आवरणाचे ठिगळ शिवायचे. मांडीच्या हाडाच्या टोकाला इजा असलेल्या १६ जणांपैकी १४ जणांना दोन वर्षांनी चांगला गुण आला होता. वाटीला इजा असलेल्या ७ जणांपैकी मात्र दोघांनाच.

आईला मी सांगितले, "आपण तरव्यात रोप वाढवून खाचरात लावतो, तसंच हे."

ती म्हणाली, "पण बांधच फुटला असंल तर रोप ऱ्हाईल का?"

वाचकहो, खरी मेख हीच आहे! हा उपचार मुख्यतः अपघाताने वा खेळताना पडलेल्या मर्यादित खड्ड्यासाठी आहे. त्याभोवती निरोगी कूर्चेचा बांध लागतो. आईच्या एक्स-रेत हाडाला हाड टेकले आहे. अशा गुडघ्यात नुसत्या इंजेक्शनने कूर्चा पूर्ववत उगवते, हे अजून सिद्ध झालेले नाही. पेशी कोठून घेणार, कोठे वाढवणार, असे मी त्या कागदवाल्यांना विचारले. उत्तर मिळाले नाही.

म्हैस अजून दावणीला आहे. आई मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करते. पुढेमागे सांधा बदलावा लागेल. यंदा लावणीला तिच्या जागी मी उतरलो.