७७७चा उतारा

नांदुऱ्यात वेबसाइट काढली की पहिल्या पानावर काय असणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. महामार्गालगतचा १०५ फुटी हनुमान. धंदा जिनिंगचा असो, बी-बियाण्यांचा असो की मंगल कार्यालयाचा, पहिला मान त्याचाच. पुढचं तुम्ही पेपरात वाचलेलंच असतं: मान्यवरांच्या हस्ते कळ दाबली, टाळ्या झाल्या, चहापान झालं. आदल्या रात्री काय चाललं होतं, ते मात्र बातमीत येत नाही.

अशाच एका आदल्या रात्री एका संस्थेच्या साइटवर सगळ्यांचे फोटो चढले. अध्यक्ष चढले, उपाध्यक्ष चढले, सत्कारमूर्तीही चढले. "भाऊ, मारुतीच चढून नाही राह्यला, काहून बरं?" वेबसाइट करणाऱ्या पोरानं आमच्या धंद्यातला पारंपरिक उतारा केला, फोल्डरला ७७७ देऊन टाकलं. यातले तीन आकडे तिघांचे: मालकाचा, त्याच्या गटाचा आणि उरलेल्या जगाचा. वाचायचे ४, लिहायचे २, आत शिरायचा १, बेरीज ७. तिन्हीकडे ७ म्हणजे कोणीही या, काहीही लिहून जा. एवढी मोकळीक देऊनही मारुती बाहेरच. खरं दुखणं परवानगीचं नव्हतंच. साइट ज्यावर चालते ती पीएचपी मुळात जशी येते, त्यात एका फाइलला २ एमबीची मर्यादा असते आणि फोटोग्राफरनं हौसेनं मोठ्यात मोठा फोटो दिला होता. १०५ फुटांचा देव २ एमबीत मावेना, एवढीच गोष्ट. फोटो लहान केला, चढला, नारळ फुटला. फोल्डर तेवढं ७७७वर राहिलं. चालतंय ना, मग हात कशाला लावा? (या फोल्डरकडे परत यायचं आहे.)

एका दुकानदाराचा किस्सा याहून सरळ. महिनाभर मालाचे फोटो सुरळीत चढले आणि १ तारखेला अडले. वर्डप्रेस फोटो वर्ष-महिन्याच्या फोल्डरात ठेवतं आणि महिना बदलला की नवं फोल्डर स्वतःच काढायला जातं. कोणीतरी फक्त चालू महिन्याच्या फोल्डरला परवानगी देऊन मोकळा झाला होता. त्याच्या वरचं फोल्डर बंदच. सूचनेत तसं स्वच्छ लिहिलेलंही असतं, की फोल्डर तयार करता आलं नाही, वरच्या फोल्डरात सर्व्हरला लिहिता येतं का ते पाहा. पण इंग्रजीतली लाल ओळ म्हणजे थकबाकीची नोटीस, असा आपल्याकडचा पक्का समज. त्यात तारीख १. मालकांनी घाईघाईनं पुढच्या वर्षाचे पैसे भरून टाकले. फोटो चढला नाही. पावती मात्र त्याच मिनिटाला आली.

आता साप्ताहिकाची गंमत. साइटचे कारभारी दोन. एक खामगावचा, तो एफटीपीनं काम करायचा. दुसरा मलकापूरचा, त्याच्याकडे ॲडमिनचा पासवर्ड. नांदुरा मध्ये, आणि संपादक त्याहून मध्ये. दोघं एकमेकांचं नाव घेत नसत, "तो तिकडचा" म्हणत. निवडणुकीच्या हंगामात एका नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा ठळकपणे लागल्या आणि नेत्यानं रात्रीत पक्ष बदलला. शुभेच्छुकांचा निरोप आला, सकाळच्या आत फोटो निघाला पाहिजे. मलकापूरकर कुठल्याशा लग्नाला गेलेले, फोन बंद. खामगावकरांनी एफटीपीतून फाइल धरली, डिलीट दाबलं. उत्तर आलं, ५५०, परमिशन डिनाइड. त्यांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला: "त्यानंच कुलूप मारून ठेवलं, मला बदनाम कराले."

त्यानं काहीच केलेलं नव्हतं. त्या काळच्या शेअर्ड होस्टिंगवर ॲडमिनमधून आलेला फोटो वेब सर्व्हर स्वतः घ्यायचा आणि स्वतःच्याच नावानं लिहायचा. ते नाव बहुतेक ठिकाणी 'नोबडी' असे. खातं आपलं, भाडं आपलं, फाइल मात्र त्याची. सातबारा एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची, म्हटल्यावर आपल्याकडे कोणालाही कळतं. वर आणखी एक मेख: फाइल पुसायचा अधिकार फाइलवरून ठरत नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्यावरून ठरतो, आणि महिन्याचं फोल्डरही सर्व्हरनंच काढलेलं. म्हणजे वाद आकड्याचा नसतो, मालकीचा असतो. मालकी फिरवता येते ती फक्त मुख्य चावीवाल्याला. होस्टिंग कंपनीच्या रात्रपाळीच्या माणसाला विनवण्या करून पहाटे फाइली आपल्या नावावर झाल्या, फोटो पुसला, संपादक झोपायला गेले.

सकाळी साहेब कोपऱ्यात हसत होते. वर्डप्रेस एका फोटोच्या लहान-मोठ्या प्रती काढून ठेवतं. मोठा गेला होता, १५० बाय १५०चा चौकोन बाजूच्या पट्टीत शाबूत होता. मलकापूरचे वऱ्हाडी परतल्यावर तो काढला गेला. तोवर साहेबही मूळ पक्षात परतले होते.

तर ते मारुतीचं फोल्डर. तेव्हा शेअर्ड होस्टिंगवर एकाच यंत्रात शेकडो बिऱ्हाडं, आणि सगळ्यांची पीएचपी त्याच 'नोबडी'च्या नावानं चालणारी. शेजारच्या साइटमध्ये शिरलेल्याला तुमचं ७७७ फोल्डर आयतंच. यात नांदुऱ्यालाच हसायचं कारण नाही. ऑगस्ट २०११मध्ये फोटो लहान करून देणाऱ्या 'टिमथंब' नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं जगभरच्या वर्डप्रेसवाल्यांची झोप उडवली होती. बाहेरचा फोटो आणताना तो ओळखीच्या साइटचं नाव पत्त्यात कुठेतरी आहे ना, एवढंच बघायचा; मग फोटोच्या नावाखाली चालता प्रोग्रॅम साठवणीच्या फोल्डरात येऊन बसायचा. हे भोक मार्क मॉन्डर यांना सापडलं, कारण आधी त्यांचाच ब्लॉग फोडला गेला होता. आमच्याकडे मारुतीच्या फोल्डरातलं भोक त्या संस्थेच्या कार्यकारिणीतल्या औषध दुकानदारांना सापडलं. गुगलमध्ये संस्थेच्या नावाखाली परदेशी गोळ्यांचे भाव दिसायला लागले, तेव्हा बैठकीत त्यांनी अध्यक्षांना विचारलं, "तुम्ही आमच्या धंद्यात केव्हा उतरले?"

पुढे होस्टिंगवाल्यांनी पद्धतच बदलली. ज्याचं खातं त्याच्याच नावानं पीएचपी चालू लागली. मग ७७७ची गरज संपली. उलट, काही ठिकाणी ७७७ दिसलं की सर्व्हर पानच दाखवीना, थेट ५०० क्रमांकाची एरर. त्या आकड्यावर संसार चालवलेल्या मंडळींना हे पटायला वेळ लागला. एकाला मात्र इतकं पटलं, की त्यानं फाइलझिला या एफटीपीच्या प्रोग्रॅममध्ये सगळी साइट निवडून सरसकट ६४४ करून टाकली. फाइलींना ६४४ ठीकच, पण फोल्डरात शिरायला तो १ लागतोच, म्हणून फोल्डरांना ७५५. १ गेला आणि शाळेची अख्खी साइट 'फॉरबिडन' झाली. तक्रारीचा फोन आला तो प्रतिस्पर्धी शाळेतून. ही साइट नेमानं बघणारे तेवढेच होते.

जिनिंगवाल्यांचा किस्सा गेल्या काही वर्षांतला. गाठींचे फोटो चढेनात. परवानग्या तपासल्या, ठीक. मालकी तपासली, ठीक. शेवटी होस्टिंगच्या कारभाराच्या पानावर, सीपॅनेलमध्ये, जागा पाहिली तर काठोकाठ भरलेली. फोटो आणि ईमेल एकाच कोट्यातून खातात, आणि कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलेला साइटचा ईमेल पत्ता कोणी कधी उघडलाच नव्हता. उघडला, तर आत जाहिरातींचा खच आणि त्याखाली होस्टिंग कंपनीची, जागा संपत आल्याचं कळवणारी पत्रं. त्यांच्याही खाली दोन व्यापाऱ्यांनी गाठींचा भाव विचारला होता. मागच्या हंगामाचा.